आनंदवन ते हेमलकसा : रुग्णांच्या दारी गेलेले बाबा आमटे

जानेवारीचा अखेरचा रविवार जगभर कुष्ठरोग दिन म्हणून पाळला जातो. राऊल फोलेरो या फ्रेंच कॅथलिक लेखकाने १९५४ साली ही प्रथा सुरू केली. भारतात हा दिवस गांधीजींच्या पुण्यतिथीस, ३० जानेवारीला पाळतात. पुढे ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणादिवशी, ख्रिस्तसभा जागतिक रुग्णदिन साजरा करते. या दोन दिवसांच्या दरम्यान ९ फेब्रुवारी येते. २००८ साली याच दिवशी चंद्रपूर जिल्ह्यातील आनंदवनात बाबा आमटे यांनी इहलोकाचा निरोप घेतला. बाबा आपल्या ख्रिस्तसभेचे सभासद नव्हते. तरीही ज्यांच्या घरी एखादे लेकरू अंथरुणाला खिळले आहे, अशा आपल्या धर्मग्रामांतील आईवडिलांना त्यांच्या जीवनकथेतून बळ मिळेल असे आम्हास वाटते.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे एका सधन जहागीरदार कुटुंबात झाला. बाबा हे त्यांचे लहानपणीचे लाडाचे नाव. नागपूरला कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वरोऱ्याला वकिली सुरू केली. १९४२ च्या लढ्यात त्यांनी पकडल्या गेलेल्या कार्यकर्त्यांची बाजू न्यायालयात मांडली. एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे सामोरे गेले, तेव्हा गांधीजींनी त्यांना अभयसाधक म्हटले. डिसेंबर १९४६ मध्ये इंदू घुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे साधनाताई म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

या निर्भय माणसाची खरी परीक्षा वरोऱ्याच्या रस्त्यावर झाली. पावसाच्या एका रात्री गटाराच्या कडेला त्यांना तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी दिसला. त्याची बोटे झडली होती, जखमांत किडे पडले होते. बाबा घाबरून घराकडे पळाले. सैनिकांना न भिणारा आपण एका मरणासन्न माणसाला भ्यालो, ही टोचणी त्यांना स्वस्थ बसू देईना. ते परत गेले, तुळशीरामावर आडोसा उभारला, त्याला खाऊ घातले आणि अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. भय वाटणे हे पाप नव्हे. भय वाटूनही परत फिरणे, यातच त्या रात्रीचे मोल आहे असे आम्हास वाटते.

१९४९ साली बाबांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत कुष्ठरोगाचे प्रशिक्षण घेतले. प्रयोगासाठी कुष्ठरोगाचे जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेण्यासही ते तयार झाले. त्याच वर्षी महारोगी सेवा समितीची स्थापना झाली. १९५१ साली वरोऱ्याजवळच्या पन्नास एकर खडकाळ रानात सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले. साधनाताई विकास आणि प्रकाश या आपल्या दोन चिमुकल्यांना घेऊन तेथे राहावयास गेल्या. ज्या रोगाच्या नावानेच लोक दार लावून घेत, त्या रोग्यांच्या अंगाखांद्यावर ही मुले वाढली. एका आईने किती मोठी गोष्ट पणाला लावली होती, हे आपल्यापैकी प्रत्येक आईला सांगावे लागणार नाही.

कुष्ठरोग मुलांनाही होतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा उमटतो, तो दुखत नाही, खाजत नाही आणि त्या जागी संवेदना उरत नाही. दुखत नसल्याने घरच्यांचे दुर्लक्ष होते. कळून आले तरी मुलीच्या लग्नाचे कसे होईल या चिंतेने ते लपविले जाते. तोवर हातापायांच्या नसा निकामी होतात आणि चटका बसला तरी मुलाला कळत नाही. आईबापांपैकी एकाला रोग झाला तर निरोगी मुलांनाही शाळेत व शेजारात थारा नसे. म्हणून बाबांनी आनंदवनात केवळ दवाखाना न ठेवता शेती, कामाच्या शाळा, अंध व मूकबधिर मुलांची विद्यालये उभारली. प्रारंभी रुग्णांनी पिकविलेली भाजी वरोऱ्यात कोणी घेत नसे. १९५४ साली अनेक देशांतील तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, रुग्णांच्या पंक्तीला बसून जेवले, तेव्हा गावकऱ्यांचे मन हळूहळू पालटले. १९६४ साली तेथे महाविद्यालय उघडले आणि ज्या वाटेने पूर्वी कोणी जात नसे, त्या वाटेने गावची मुले शिकावयास येऊ लागली. मोलोकाई बेटावरील संत डेमियन १८८९ साली त्याच रोगाने मृत्यू पावले, कारण त्यांच्या काळी औषधच नव्हते. बाबांच्या हाती औषध होते. बहिष्कारावरचा उपाय मात्र त्यांना स्वतः शोधावा लागला.

पुढचे पाऊल त्याहून दूरचे होते. भामरागडच्या जंगलातील माडिया गोंड बांधवांची स्थिती पाहून बाबा अस्वस्थ झाले आणि २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. हा भाग तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. धाकटे पुत्र डॉ. प्रकाश शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण सोडून पत्नी डॉ. मंदाकिनी यांच्यासह तेथे गेले. वीज नव्हती, रस्ता नव्हता. पावसाळ्यात इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतम यांना पूर आला की जगाशी संबंध तुटे.

दवाखाना होता, पण रुग्ण येईनात. कपडे घातलेल्या परक्या माणसांचे भय आणि गावच्या पुजाऱ्यावरचा विश्वास, या दोहोंमुळे आईबाप लेकराला तापाने फणफणलेले पाहूनही तेथे आणत नसत. डॉक्टर दांपत्याने माडिया भाषा शिकून घेतली. मग फेफऱ्याच्या झटक्यात विस्तवात पडून भाजलेला, जखमा चिघळलेला एक मुलगा आणि मेंदूच्या हिवतापाने मरणपंथाला लागलेला एक इसम हे दोघे तेथे बरे झाले. ही वार्ता पाड्यापाड्यांतून पसरली. लोक रुग्णाला खाटेवर घालून, मैलोन्‌मैल चालत आणू लागले. सारे कुटुंबच सोबत येई, झाडाखाली तीन दगडांची चूल मांडी आणि मूल उठून बसेपर्यंत मुक्काम करी. त्या अंगणात रुग्ण एकटा कधीच नव्हता. १९७६ साली शाळाही निघाली. तिच्यात शिकलेल्या मुलांतून पुढे डॉक्टर, वकील व शिक्षक घडले.

पुढे त्याच गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले व नवजात बाळांची देखभाल घरोघरी पोहोचविली. १९९९ साली त्यांचा अभ्यास लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि ती पद्धत इतरत्रही स्वीकारली गेली. दवाखान्याने रुग्णाकडे जावे, हा या वनप्रदेशाने जगाला दिलेला धडा होय.

बाबांना १९८५ साली मॅगसेसे, १९८६ साली पद्मविभूषण व १९९० साली टेम्पलटन पुरस्कार मिळाला. मणक्याच्या व्याधीमुळे त्यांना बसता येत नसे. उभे राहावे किंवा आडवे व्हावे, एवढेच शक्य होते. तशाही स्थितीत त्यांनी भारत जोडो यात्रा काढली आणि १९९० मध्ये नर्मदाकाठी कसरावदला मुक्काम हलविला. स्वतः रुग्ण असतानाही त्यांनी इतरांचा भार उचलला. मृत्यूनंतर त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह आनंदवनाच्या मातीत पुरण्यात आला. साधनाताई २०११ साली त्यांच्या मागोमाग गेल्या.

आपल्या धर्मग्रामातही असे एखादे घर असेल, जेथील मूल रुग्णालयात आहे आणि आईवडील बाहेरच्या बाकावर रात्र काढीत आहेत. आम्ही प्रार्थना जरूर करू. परंतु त्या बाकाजवळ जेवणाचा डबा घेऊन जावे, घरी राहिलेल्या भावंडांना शाळेत पोहोचवावे, रात्री एक पाळी आपण बसावे, ही सेवा कोणालाही जमण्यासारखी आहे. मुलाच्या अंगावर न दुखणारा चट्टा दिसला तर तो न लपविता सरकारी दवाखान्यात दाखवावा. तेथे औषध विनामूल्य मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. तुळशीरामापासून बाबा एकदा पळाले होते. आपणही पळालो असू, तर परत फिरण्यास अजून वेळ आहे.