डब्याला चेहरा देणारा माणूस

आपल्या हॉस्टेलमध्ये प्रत्येक विंगला एक तरी साउंडवाला असतोच. माझ्या शेजारच्या रूममधल्या साउंडवाल्याने मातीच्या माठात स्पीकर बसवलाय. ॲम्प्लिफायर त्याने स्वतः जोडलेला, आवाज एकदम कडक, पण ठेवलाय बुटाच्या खोक्यात. व्हॉल्यूमला बटण नाही, नुसता दांडा. कुठला स्विच कशाचा, हे त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नाही.

मलाही वाटायचं, आवाज चांगला तर बस्स, दिसण्याचं काय घेऊन बसलात! मग मिनी-प्रोजेक्टची ओरल आली. सर्किट व्यवस्थित चालत होतं. सरांनी आवाज कमी करायला सांगितला आणि मी गडबडीत दुसराच पॉट फिरवला. स्पीकरने असा काही हंबरडा फोडला की शेजारच्या लॅबमधली मुलं बघायला आली. मार्क गेले ते गेलेच. त्या रात्री चिडून वाचत बसलो आणि सॉल मॅरान्ट्झ सापडला. (मी कॉन्व्हेंटवाला. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

सॉलचा जन्म 1911 सालचा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. पेशाने तो इंजिनिअर नव्हताच! तो होता ग्राफिक डिझायनर. कागदावर अक्षर कुठे बसवायचं, जागा किती मोकळी सोडायची, बघणाऱ्याची नजर आधी कुठे जाईल, हा त्याचा धंदा. इलेक्ट्रॉनिक्स आणि संगीत हा नाद. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो लष्करात होता. 1945 मध्ये त्याच्या डोक्यात आलं की आपल्या 1940 च्या मर्क्युरी गाडीतला रेडिओ काढून घरात बसवावा. गाडीतला रेडिओ घरात चालवायचा म्हणजे बरंच काही नवीन जोडावं लागतं. ते जोडता जोडता हा गडी त्यात पुरता अडकला.

1948 मध्ये एल. पी. रेकॉर्ड आली. आता जरा टेक्निकल. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात, नाहीतर खाचा फार रुंद होतात आणि खरखर जास्त ऐकू येते. वाजवताना हेच बरोबर उलटं करावं लागतं. पण किती कमी आणि किती जास्त, हे त्या काळी प्रत्येक रेकॉर्ड कंपनीचं वेगवेगळं! त्यामुळे एका कंपनीची रेकॉर्ड ठीक वाजली तर दुसरीची किरकिरी किंवा घुमी वाजायची.

क्यू गार्डन्समधल्या आपल्या घराच्या तळघरात बसून सॉलने यावर एक प्रीॲम्प्लिफायर बनवला. नाव दिलं ऑडिओ कन्सोलेट. त्यात खर्जासाठी सहा आणि वरच्या सुरांसाठी सहा सेटिंग होती, म्हणजे एकूण 36 जोड्या. कुठलीही रेकॉर्ड आणा आणि बटण जुळवा. 1952 च्या सुमारास बायकोच्या प्रोत्साहनाने त्याने असे 100 नग करून बघितले. वर्षभरात 400 ची मागणी आली. घरचा उद्योग तळघरात मावेना आणि 1953 मध्ये मॅरान्ट्झ कंपनी उभी राहिली. 1954 मध्ये रेकॉर्ड कंपन्यांनी एकच प्रमाण ठरवलं, पण तोपर्यंत सॉलचं नाव झालं होतं.

सर्किटची बाजू सिडनी स्मिथ हा इंजिनिअर बघायचा. सॉल ती यंत्रं डोळ्यांनी आणि बोटांनी तपासायचा. 1958 मध्ये, स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात येत असतानाच, त्यांचा मॉडेल 7 हा प्रीॲम्प्लिफायर आला. त्याचा फोटो जरूर बघा. फिकट सोनेरी ॲल्युमिनिअमचं पॅनेल, बारीक नीटस अक्षरं, मोजून-मापून तोललेली बटणं. जास्त लागणारी मोठी, कमी लागणारी लहान. कुठेही चकचकाट नाही. छापील पान लावणाऱ्या माणसाने यंत्राचं पान लावलंय, हे बघताक्षणी कळतं. आतलं कामही तितकंच चोख, म्हणून तर जुने नग लोक आजही दुरुस्त करून वाजवतात.

1960 च्या मॉडेल 9 या पॉवर ॲम्प्लिफायरमध्ये पॅनेलच्या मध्यभागी जहाजाच्या खिडकीसारखा गोल मीटर होता. तो शोभेचा नव्हता, व्हॉल्व्हची सेटिंग त्यावर बघून जुळवायची असायची. गंमत म्हणजे, साठ वर्षांनी 2020 मध्ये याच नावाच्या कंपनीने मॉडेल 30 काढला, तेव्हा त्यावर तीच गोल खिडकी परत आली.

आता गोष्टीचा कडू भाग. 1961 मध्ये अमेरिकेत एफ. एम. स्टिरिओ सुरू झालं आणि सॉलने ठरवलं, ट्यूनर काढायचा तर सर्वोत्तमच. रिचर्ड सेक्वेरा या इंजिनिअरबरोबर 10बी तयार झाला. पॅनेलवर चक्क ऑसिलोस्कोपची छोटी ट्यूब! स्टेशन नीट लागलंय का, भिंतींवरून परतलेल्या लहरी गोंधळ घालताहेत का, ते डोळ्यांना दिसायचं. पण तो बनवण्यात खर्च हाताबाहेर गेला. किंमत 600 डॉलरच्या घरात, त्या काळात केवढी मोठी रक्कम! ट्यूनर गाजला आणि कंपनी खचली. 1964 मध्ये सॉलने ती सुपरस्कोप या कंपनीला विकली. चार वर्षं तिथेच काम केलं आणि 1968 मध्ये तो बाहेर पडला. स्वतःचं आडनाव पॅनेलवर ठेवून बाहेर पडायचं, कसं वाटलं असेल?

पण गडी रडत बसला नाही. साठी ओलांडल्यावर त्याने जॉन डाल्क्विस्ट या तरुण डिझायनरच्या पाठीशी उभं राहून स्पीकरची कंपनी काढायला मदत केली. त्यांचा डीक्यू-10 हा स्पीकर खूप नावाजला गेला. 1997 मध्ये, वयाच्या 85 व्या वर्षी सॉल गेला. कंपनी तोवर कितीतरी हातांतून फिरली होती आणि नंतरही फिरत राहिली.

आता कॉस्टिंगचे सर म्हणतील, बघा, परफेक्शनच्या नादात कंपनी घालवली. खरंच आहे ते, मी नाही म्हणत नाही. खर्चाचा हिशोब त्याने वेळेत करायला हवा होता. पण दुसरी बाजू अशी की, वापरणाऱ्याचा हात अंधारातसुद्धा बरोबर बटणावर पडावा, हेही इंजिनिअरिंगच आहे. ते आपल्याला सिलॅबसमध्ये कोणी शिकवलं नाही आणि मला ते ओरलमध्ये कळलं.

या सेमिस्टरला मी पीसीबीच्या आधी ग्राफ पेपरवर फ्रंट पॅनेल काढलंय. शेजारच्या साउंडवाल्यालाही व्हॉल्यूमचं बटण आणून दिलंय. त्याने अजून बसवलेलं नाही. खोकं मात्र बदललंय, आता चपलेचं आहे!