टाय कॉब
अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत १८८६ सालीं एका शिक्षकाच्या घरीं जन्मलेला टाय कॉब १९०५ च्या ऑगस्टांत डेट्रॉइटच्या बेसबॉल संघांत शिरला. त्याच महिन्यांत आईच्या हातून गोळी लागून त्याचे वडील मरण पावले होते. धांवतांना तो खिळ्यांचे बूट पुढें करून ठाण्यावर घसरत येई. वाट धांवणाराची, अडविणारानें जखम सोसावी, आणि सूड घ्यावयाचा तर पुढें अंगावर चेंडू फेंकून घ्यावा, ही त्या खेळांतील तेव्हांची अलिखित रीत होती. १९०९ सालीं फिलाडेल्फियाच्या फ्रँक बेकरच्या हातास अशीच जखम झाली. पट्टी बांधून बेकर पुन्हां खेळला. पण त्याचें शहर खवळलें, कॉबला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. वास्तविक छायाचित्रांत बेकरच आडवा वांकलेला दिसतो! १९३६ सालीं सन्मानमंदिराच्या पहिल्या निवडणुकींत २२६ पैकीं २२२ मतें कॉबला पडलीं. १९६१ सालीं तो निवर्तला.