कोष हलवून पाहणारा शास्त्रज्ञ

दोस्तांनो, रेशमाचा वाळलेला कोष कधी कानाशी धरून हलवलाय? आत काहीतरी खुळखुळतं. तो असतो प्यूपा, म्हणजे अळीचा पतंग होण्याआधीची अवस्था. मराठवाड्यात ज्यांच्या शेतात तुती आहे, त्या घरातल्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. पण १८६५ मध्ये फ्रान्समधल्या एका नामवंत शास्त्रज्ञांना ते ठाऊक नव्हतं! त्यांचं नाव लुई पाश्चर, वय ४२.

तेव्हा दक्षिण फ्रान्समधले रेशीम उत्पादक पार कोलमडले होते. १८५३ मध्ये देशात सुमारे २ कोटी ६० लाख किलो कोष निघाले होते. १८६५ पर्यंत हा आकडा ४० लाखांवर आला. अळ्यांच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके पडायचे आणि त्या मरायच्या. या रोगाचं नाव पेब्रिन. पाश्चर यांचे गुरू द्युमा हे रेशमाच्याच पट्ट्यातल्या आलेस गावचे. त्यांनी ही जबाबदारी शिष्यावर टाकली. रेशीम किड्याला आपण कधी हातही लावलेला नाही, असं पाश्चर यांनी सांगून पाहिलं, पण गुरूंनी ऐकलं नाही.

मग ते कीटकतज्ज्ञ फाब्र यांच्याकडे गेले, कोष हलवला आणि आत काय आहे, असं सरळ विचारलं. फाब्र चाटच पडले!

पुढची वर्षं सोपी नव्हती. सुरुवातीलाच वडील वारले. त्याच वर्षी दोन वर्षांची कामीय गेली, पुढच्या वर्षी बारा वर्षांची सेसील. काम मात्र चालूच राहिलं. पत्नी आणि मुलगीही अळ्या वाढवायला लागल्या. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे अंडाकृती कण इटलीतल्या संशोधकांनी आधीच पाहिले होते. ते रोगाचं कारण नाहीत, असं पाश्चर यांना आधी वाटलं. ते चुकले होते, आणि त्यांनी आपलं मत बदललं.

उपाय अगदी साधा निघाला. प्रत्येक मादी पतंगाला वेगळी अंडी घालू द्यायची. मग तिला चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. कण दिसले, तर तिची अंडी जाळायची. नाही दिसले, तर ठेवायची. कारण हा रोग आईकडून अंड्यांत उतरतो.

१८६८ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, डावी बाजू लुळी पडली. काही महिन्यांतच ते पुन्हा अळ्यांजवळ हजर! १८७० मध्ये या कामावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. रेबीजची लस आली ती त्यानंतर पंधरा वर्षांनी.

आजही आपल्याकडे रेशीम अंडीपुंज तयार करणाऱ्या केंद्रांत मादी पतंगाची अशीच तपासणी होते. तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या किंवा मित्राच्या घरी अंडीपुंज आले, की एक कोष हलवून बघा. आणि एखादी गोष्ट येत नसेल, तर बिनधास्त विचारा. पाश्चर यांनीही विचारलंच होतं की!