जॉर्ज वेस्टिंगहाउस
जॉर्ज वेस्टिंगहाउस (६ ऑक्टोबर १८४६ – १२ मार्च १९१४) हे अमेरिकन अभियंते, संशोधक व उद्योजक होते. रेल्वेसाठी त्यांनी सिद्ध केलेल्या एअर ब्रेकमागील सुरक्षिततेचे तत्त्व आज बंदरांत कंटेनर वाहून नेणाऱ्या अवजड वाहनांतही आढळते.

पूर्वायुष्य
वेस्टिंगहाउस यांचा जन्म न्यू यॉर्क राज्यातील सेंट्रल ब्रिज येथे झाला. वडिलांचा शेतीची अवजारे व यंत्रे बनविण्याचा कारखाना होता. तेथेच त्यांना यंत्रांची गोडी लागली. अमेरिकन यादवी युद्धात त्यांनी प्रथम भूदलात व नंतर नौदलात सेवा केली. १८६५ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांना चक्रीय वाफेच्या इंजिनाचे एकस्व मिळाले.

एअर ब्रेक
त्या काळी गाडी थांबविण्यासाठी ब्रेकवाले कामगार धावत्या डब्यांच्या टपांवरून जाऊन प्रत्येक डब्याचा ब्रेक हाताने आवळत. या कामात अनेकांचे प्राण जात. वेस्टिंगहाउस यांनी इंजिनावरील पंपाने दाबलेली हवा नळीवाटे सर्व डब्यांना पुरवून चालकाच्या हाती ब्रेकचे नियंत्रण दिले. १८६९ मध्ये त्यांनी याचे एकस्व घेतले व पिट्सबर्ग येथे कंपनी स्थापन केली.

या रचनेत एक गंभीर उणीव होती. नळी फुटली किंवा डबे सुटले, की हवा निघून जाई आणि नेमक्या संकटाच्या वेळी ब्रेक निकामी होत. १८७२ मध्ये वेस्टिंगहाउस यांनी ही क्रिया उलट केली. प्रत्येक डब्याला हवेची स्वतंत्र टाकी व तिहेरी झडप बसविली. नळीतील दाब कमी होताच टाकीतील हवा ब्रेक लावू लागली. त्यामुळे नळी फुटली तरी गाडी आपोआप थांबे.

लांब मालगाड्यांत मात्र पुढील वाघिणींचे ब्रेक आधी लागत व मागील वाघिणी त्यांवर आदळत. १८८६-८७ मधील बर्लिंग्टन येथील चाचण्यांत हा दोष स्पष्ट झाल्यावर त्यांनी शीघ्र क्रिया करणारी झडप तयार केली. १८९३ च्या अमेरिकन कायद्याने रेल्वेगाड्यांना यांत्रिक शक्तीवर चालणारे ब्रेक बंधनकारक केले.

उत्तरायुष्य
प्रत्यावर्ती विद्युत प्रवाहाच्या प्रसारातही त्यांचा मोठा वाटा होता. १९०७ च्या आर्थिक संकटानंतर विद्युत कंपनीवरील त्यांचा ताबा गेला. न्यू यॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

वारसा
कंटेनर ओढणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रेलरांच्या चाकांजवळील ब्रेकमध्ये एक जोरकस स्प्रिंग हवेच्या दाबाने आवळून धरलेली असते. दाब गेला, की स्प्रिंग सुटून ब्रेक लावते. येथे साठवलेल्या हवेची जागा स्प्रिंगने घेतली असली, तरी बिघाड होताच वाहन थांबावे, हे वेस्टिंगहाउस यांच्या रचनेतील तत्त्व कायम आहे.