सर विठ्ठलदास ठाकरसी आणि मातृभाषेतील महिला विद्यापीठ

सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी (१८७३–१९२२) हे मुंबईतील गुजराती भाषिक भाटिया समाजाचे गिरणीमालक. एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. सहकारी पतपेढ्यांसाठी १९११ साली मुंबईत मध्यवर्ती बँक उभारण्यात लल्लूभाई सामळदास यांच्याबरोबर त्यांचा प्रमुख वाटा होता. त्यांचे नाव मात्र टिकून राहिले ते एका देणगीमुळे.

धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाची स्थिती त्या वेळी बिकट होती. तेथे मातृभाषा हे शिक्षणाचे माध्यम होते, इंग्रजी आवश्यक विषय म्हणून शिकवली जाई आणि पदवीलाही ‘गृहीतागमा’ असे संस्कृत नाव होते. सरकारी मान्यता नव्हती. अनेक सुशिक्षितांना हा उपक्रम दुय्यम प्रतीचा वाटे. कर्व्यांना विद्यापीठाची कल्पना टोकियोच्या महिला विद्यापीठावरील एका पुस्तिकेवरून सुचली होती. विठ्ठलदासांनी तीच संस्था परदेशप्रवासात पत्नी प्रेमलीला यांच्यासह प्रत्यक्ष पाहिली. परतल्यावर, १९२० साली, त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठास पंधरा लक्ष रुपये देऊ केले. त्यामागे पत्नीचा आग्रह किती होता, हा प्रश्न चरित्रकारांनी अधिक गंभीरपणे घ्यावयास हवा.

ही देणगी व्यापाऱ्याची होती. ती अटींनी बांधलेली होती. विद्यापीठास मातुःश्री नाथीबाईंचे नाव द्यावे आणि त्याचे मुख्य ठाणे मुंबईस न्यावे, या त्यांपैकी प्रमुख. मुद्दल लगेच हाती न येता साडेतीन टक्क्यांप्रमाणे वर्षाला ५२,५०० रुपये व्याज मिळू लागले. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेस एवढे नियमित उत्पन्न म्हणजे जीवदानच होते. पण त्याच अटींत पुढील कलहाचे बीज होते. १९२२ साली, पन्नाशीही न गाठता, विठ्ठलदास निवर्तले. १९३० नंतरच्या दशकात त्यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांशी मतभेद होऊन हे उत्पन्न थांबले आणि वृद्ध कर्व्यांना पुन्हा झोळी घ्यावी लागली. अखेर तडजोड झाली. १९३६ साली विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईस आले. पुण्याच्या कार्यकर्त्यांना हे स्थलांतर सुखाचे वाटले असेल, असे नाही.

मुंबई विधिमंडळाने १९४९ साली संमत केलेला कायदा १९५१ मध्ये अमलात आला आणि विद्यापीठास वैधानिक दर्जा लाभला. त्यानंतर पहिल्या कुलगुरू झाल्या त्या लेडी प्रेमलीला ठाकरसीच. नाथीबाईंचे नाव मात्र लोकांच्या बोलण्यात एस.एन.डी.टी. या चार इंग्रजी आद्याक्षरांत विरून गेले.