सूर, कडे आणि मॅट्रॉइड

सातारा, कराड, सांगली केबलने जोडायचीत, तर बघा, दोन जोडण्या पुरतात. तिसरी टाकली की नुसतं वर्तुळ बनतं. लिनिअर अल्जेब्रात इतरांतून मिळणारा व्हेक्टरही असाच जादाचा! दोन्हींमागचा एकच नियम हॅस्लर व्हिटनी यांनी १९३५ मध्ये ‘मॅट्रॉइड’ म्हणून मांडला. न्यूयॉर्कमध्ये १९०७ साली जन्मलेले व्हिटनी हे संस्कृतचे अभ्यासक विल्यम ड्वाइट व्हिटनी यांचे नातू. त्यांनी येलमधून संगीताचीही पदवी घेतली, अवघड कडे सर केले. परीक्षेच्या धाकाने मुलं विचार करणंच सोडतात, हे त्यांना खुपायचं. म्हणून उतारवयात ते शाळकरी मुलांना शिकवायला गेले. १९८९ मध्ये त्यांचं निधन झालं. तुम्हीही मार्कांपलीकडे जाऊन बघा. आधी लिनिअर अल्जेब्रा, ग्राफ थिअरी पक्की करा. मग जेम्स ऑक्सली यांचं ‘मॅट्रॉइड थिअरी’ उघडा.