आइन्स्टाइन आणि त्यांची ‘लीना’

अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे नाव आपल्या विद्यार्थ्यांच्या कानी प्रथम पडते ते विज्ञानाच्या तासाला. विस्कटलेले पांढरे केस, सापेक्षतेचा सिद्धांत आणि १९२१ सालचे नोबेल पारितोषिक एवढ्यावर त्यांची ओळख बहुधा थांबते. परंतु वयाच्या सहाव्या वर्षी हाती घेतलेले व्हायोलिन ज्याने सत्तरीपर्यंत जवळ बाळगले, असा एक हौशी वादकही त्यांच्यात होता. त्या वादकाची हकिकत येथे सांगावयाची आहे.

‘हौशी’ हा शब्द आपण पुष्कळदा किंचित हेटाळणीने वापरतो. ज्याला धड जमत नाही तो हौशी, अशी आपली समजूत असते. वास्तविक हौस म्हणजे आवड, आणि आवडीपोटी आयुष्यभर एक गोष्ट करीत राहणे हे सोपे काम नव्हे. त्यातून ना पैसा मिळतो ना पदवी, आणि सोडून दिले तरी कोणी जाब विचारीत नाही. प्रचंड कामाच्या ओझ्याखाली असतानाही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तरायुष्यात व्हायोलिनचे धडे घेतले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. आइन्स्टाइन यांच्या बाबतीत हा सहवास बालपणीच सुरू झाला.

त्यांचा जन्म १४ मार्च १८७९ रोजी जर्मनीतील उल्म या गावी झाला आणि बालपण म्युनिक शहरात गेले. आई पाउलिने उत्तम पियानो वाजवीत असे. मुलाच्या हाती व्हायोलिन दिले ते तिनेच. मुलाला मात्र त्याचे मुळीच कौतुक नव्हते. हा मुलगा लहानपणी मोठा संतापी होता. घरी शिकवायला येणाऱ्या बाईंच्या अंगावर त्याने एकदा खुर्ची फेकली आणि त्या बाई पुन्हा फिरकल्या नाहीत, अशी आठवण त्याची धाकटी बहीण माया हिने नोंदविली आहे. व्हायोलिनचे शिक्षक येत राहिले, शिकवणी चौदाव्या वर्षापर्यंत चालली. पण त्या शिक्षकांना बोटांच्या यांत्रिक सरावापलीकडे संगीत दिसत नव्हते, अशी तक्रार आइन्स्टाइन यांनी पुढे केली.

वयाच्या तेराव्या वर्षी मोत्झार्टच्या व्हायोलिन-पियानोसाठी रचलेल्या सोनाटा त्यांच्या हाती पडल्या आणि सारे बदलले. त्या आपल्याला वाजवता आल्याच पाहिजेत या ओढीने ते स्वतःच झटू लागले. कर्तव्यापेक्षा प्रेम हा अधिक चांगला शिक्षक आहे, असे त्यांचे या अनुभवावरून पक्के मत झाले. ते मत योग्यच आहे. तथापि एक गोष्ट त्यात सुटते असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मोत्झार्टच्या प्रेमात पडण्याच्या दिवशी त्यांच्या बोटांना तारांवरच्या जागा ठाऊक होत्या, गज धरण्याची सवय होती. आईने हट्टाने चालू ठेवलेली ती सात कंटाळवाणी वर्षे नसती, तर हे प्रेम कदाचित ऐकण्यापुरतेच राहिले असते. वसतिगृहात पहाटे उठवून अभ्यासाला बसविल्याबद्दल आजही आमच्यावर रुसलेले काही माजी विद्यार्थी हे वाचतील, त्यांनी यावर जरूर विचार करावा.

१८९५ मध्ये झ्युरिचच्या तंत्रविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत गणित-भौतिकीत चमकूनही इतर विषयांमुळे त्यांचा प्रवेश हुकला आणि वर्षभरासाठी ते स्वित्झर्लंडमधील आराऊ येथील शाळेत दाखल झाले. विंटेलर नावाच्या शिक्षकांच्या घरी त्यांची राहण्याची सोय होती. ते घर माणसांनी, गप्पांनी आणि संगीताने भरलेले होते. १८९६ साली शाळेच्या संगीत परीक्षेसाठी आलेल्या परीक्षकांनी आपल्या अहवालात आइन्स्टाइन नावाच्या विद्यार्थ्याचा मुद्दाम उल्लेख केला. बीथोव्हेनच्या एका सोनाटामधील संथ भाग त्याने खोल समजुतीने वाजविला, असा त्याचा आशय होता. सतरा वर्षांच्या या मुलाचे जगात अद्याप कोठेही नाव झालेले नव्हते.

झ्युरिचच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग त्यांच्या घरमालकिणीच्या मुलीने सांगून ठेवला आहे. शेजारच्या एका घरातून पियानोवर मोत्झार्टचे सूर ऐकू आले. आइन्स्टाइन यांनी चौकशी केली, व्हायोलिन बगलेत मारले आणि गळ्याला कॉलर नाही, टाय नाही, अशा अवतारात ते धावत सुटले. त्या काळच्या स्विस समाजात हा मोठाच अशिष्टपणा होता, आणि घरमालकीण मागून हाका मारीत राहिली. काही क्षणांतच पियानोच्या साथीला व्हायोलिन ऐकू येऊ लागले. पियानो वाजवीत होती एक वृद्ध शिक्षिका. न विचारता घरात शिरून साथ करू लागलेला हा तरुण कोण, याची चौकशी ती बिचारी नंतर भीतभीत करावयास आली.

१९०२ पासून सात वर्षे त्यांनी बर्नच्या पेटंट कचेरीत नोकरी केली. १९०५ साली जगाची समजूत पालटून टाकणारे शोधनिबंध त्यांनी लिहिले ते ही नोकरी सांभाळूनच. घरात तान्हे मूल होते, पगार बेताचा होता, तरी व्हायोलिन सुटले नाही. विचारांची वाट खुंटली की वडील संगीताकडे वळत आणि बहुधा अडचण सुटत असे, अशी आठवण थोरला मुलगा हान्स अल्बर्ट याने पुढे सांगितली. यावरून व्हायोलिनमुळे सापेक्षतावाद सुचला असे अनुमान काही लोक काढतात, आणि मुलांची बुद्धी वाढावी म्हणून त्यांना संगीताच्या वर्गाला घालणारे पालकही याचा दाखला देतात. तसे मानण्यास काही आधार दिसत नाही. त्या काळी युरोपात व्हायोलिन वाजविणारे हजारो होते. आइन्स्टाइन वाजवीत, कारण वाजविल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

१९११ मध्ये ते प्रागच्या जर्मन विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे त्यांचा स्नेह जडला मोरिट्झ विंटरनिट्झ यांच्याशी. भारतीय वाङ्मयाचा इतिहास लिहून त्यात बौद्ध वाङ्मयाला मानाचे आणि ऐसपैस स्थान देणारे संस्कृतचे थोर पंडित ते हेच. महाभारताची चिकित्सक आवृत्ती निघावी म्हणून त्यांनी युरोपात आग्रह धरला होता, आणि ते काम पुढे पुण्याच्या भांडारकर संस्थेने हाती घेऊन तडीस नेले. या विंटरनिट्झ यांच्या घरी त्यांची मेहुणी पियानोच्या शिकवण्या करीत असे. आइन्स्टाइन व्हायोलिन वाजवीत आणि ही बाई साथ करी. तिचा स्वभाव असा करडा की साथ करतानाही ती हुकूम सोडते आहे असे वाटावे. आइन्स्टाइन तो जाच हसत सोसत. वर्षभराने प्राग सोडताना तिने त्यांच्याकडून वचन घेतले, की त्यांच्या जागी येणारा प्राध्यापक व्हायोलिन वाजविणाराच असला पाहिजे. त्यांच्या जागी आलेले फिलिप फ्रँक यांनी मात्र जन्मात व्हायोलिनला हात लावलेला नव्हता. तिच्यापुढे तशी कबुली देताना आपली काय अवस्था झाली, हे त्यांनी आपल्या आइन्स्टाइनचरित्रात मोठ्या मौजेने लिहिले आहे.

१९१४ मध्ये आइन्स्टाइन बर्लिनला आले. तेथील वादनाची खरी बैठक माक्स प्लांक यांच्या घरी भरे. क्वांटम सिद्धांताचे जनक असलेले प्लांक इतका सुरेख पियानो वाजवीत, की तरुणपणी संगीत निवडावे की भौतिकी असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला होता. प्लांक पियानोवर, आइन्स्टाइन व्हायोलिनवर आणि प्लांक यांचा मुलगा एर्विन चेलोवर. एका खोलीत बीथोव्हेन वाजविणाऱ्या या तिघांच्या वाट्याला पुढे काय आले, हे ठाऊक असल्यामुळे आज ते चित्र डोळ्यांपुढे आणताना मन अस्वस्थ होते. आइन्स्टाइन यांना देश कायमचा सोडावा लागला. हिटलरविरोधी कटात सामील असल्याच्या आरोपावरून एर्विनला जानेवारी १९४५ मध्ये फाशी दिली गेली. वृद्ध प्लांक मागे उरले.

बर्लिनच्या घरी रात्री उशिरा आइन्स्टाइन व्हायोलिन घेऊन स्वयंपाकघरात जात. तेथे आवाज चांगला घुमे. आपल्या व्हायोलिनला ते लाडाने ‘लीना’ म्हणत. वाद्ये बदलली तरी नाव तेच राहिले. जे हातात असेल ते लीना. त्यांची आवडनिवडही ठाम होती. मोत्झार्ट, बाख, शूबर्ट आणि जुने इटालियन रचनाकार त्यांच्या जिव्हाळ्याचे. बीथोव्हेन त्यांना फार नाट्यमय वाटे, आणि वाग्नर तर मुळीच सहन होत नसे. त्यांच्या वादनाचा दर्जा काय होता? ऐकणाऱ्यांची मते वेगवेगळी आहेत. सूर शुद्ध, समज खोल, पण तंत्र हौशी माणसाचे, असा एकंदर सूर दिसतो. तालाची मोजणी चुकल्यावर सोबतच्या नामवंत वादकाने या गणितज्ञाला एक-दोन-तीन मोजता येत नाही काय, असे खडसावल्याचा विनोद जगभर सांगितला जातो. तो घडला असो वा नसो, लोकांना तो आवडतो खरा.

भारतीयांशीही त्यांचा संगीताच्या निमित्ताने संबंध आला. १९२४ मध्ये ज्यांचा निबंध त्यांनी स्वतः जर्मन भाषेत आणून छापविला, ते सत्येंद्रनाथ बोस एसराज वाजवीत. १९३० साली रवींद्रनाथ ठाकुरांशी झालेल्या भेटींत सत्याच्या स्वरूपावर वाद झाला, तशीच भारतीय गायकाला आपल्या चाकोरीत किती मोकळीक असते, यावरही चर्चा रंगली. लिहून ठेवलेल्या रचनेशी प्रामाणिक राहणाऱ्या वादकाला या मोकळिकीचे कुतूहल वाटणे स्वाभाविक होते.

२९ जानेवारी १९३० रोजी बर्लिनच्या ओरानिएनबुर्गर रस्त्यावरील भव्य सिनेगॉगमध्ये, ज्यू समाजातील गरजूंच्या मदतीसाठी भरलेल्या कार्यक्रमात आइन्स्टाइन यांनी डोक्याला टोपी घालून व्हायोलिन वाजविले. त्याचे छायाचित्र उपलब्ध आहे. तीन वर्षांनी जर्मनीत हिटलरची सत्ता आली. आइन्स्टाइन तेव्हा अमेरिकेत होते. युरोपात परतल्यावर त्यांनी जर्मनीत पाऊल ठेवले नाही आणि पुढे जन्मभर ठेवले नाही. कापुथ येथील तळ्याकाठचे घर सरकारने बळकावले, लाडकी शिडाची होडीही जप्त केली. काही महिने त्यांनी बेल्जियममध्ये काढले. तेथील राणी एलिझाबेथ स्वतः व्हायोलिन वाजवी आणि त्यापूर्वीच त्यांची वादनमैत्री जमली होती. एकदा राजवाड्याचा मोटारचालक स्थानकावर पहिल्या वर्गाच्या डब्याशी त्यांची वाट पाहत राहिला आणि आइन्स्टाइन व्हायोलिनची पेटी हातात घेऊन धुळीने माखलेले असे पायीच दारात हजर झाले, असे चरित्रकार लिहितात. वादनानंतरच्या एका भोजनाचे वर्णन त्यांनी पत्नीला पत्रातून कळविले होते. पालक, तळलेली अंडी आणि बटाटे एवढाच तो शाही बेत होता.

ऑक्टोबर १९३३ मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टन येथे स्थायिक झाले. पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्ग गावच्या एका लाकूडकाम करणाऱ्या हौशी वादकाने स्वतः घडविलेले व्हायोलिन त्यांना भेट दिले होते. काही काळ ते वाजवून त्यांनी पुढे विद्यापीठातील एका सफाई कर्मचाऱ्याच्या शिकू इच्छिणाऱ्या मुलाला देऊन टाकले. २०१८ मध्ये तेच वाद्य लिलावात पाच लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. जानेवारी १९३४ मध्ये, जर्मनीत संकटात सापडलेल्या शास्त्रज्ञांच्या साहाय्यासाठी न्यूयॉर्कमध्ये एका घरी भरलेल्या मैफलीत ते नामवंत व्हायोलिनवादक टोशा झायडेल यांच्या जोडीने बसले. एरवी त्यांचे वादन घरगुतीच असे. संध्याकाळी चार मित्र जमत आणि चौकडीचा डाव मांडला जाई.

१९३९ मध्ये बहीण माया प्रिन्स्टनला त्यांच्याकडे राहावयास आली. १९४६ पासून ती अंथरुणाला खिळली, तेव्हा रोज रात्री तिच्या उशाशी बसून ते तिला पुस्तके वाचून दाखवीत. १९५१ मध्ये ती गेली. तोवर आइन्स्टाइन यांचा डावा हात थकला होता. व्हायोलिनवादकाचा डावा हात तारा दाबतो, सूर तोच शोधतो. तो थकला की कान कितीही शाबूत असोत, इलाज नसतो. बोटांतून निघणारा सूर आणि मनातला सूर यांतले अंतर वाढू लागले, तेव्हा त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवले. संगीत मात्र थांबले नाही. पियानोवर एकटेच बसून ते मनाला येईल ते वाजवीत.

१९५२ मध्ये ज्युलियार्ड चौकडीचे तरुण वादक त्यांना भेटावयास आले. त्यांनी बार्टोक, बीथोव्हेन ऐकविले आणि मग आपल्यासोबत वाजविण्याचा आग्रह केला. हात आता चालत नाहीत म्हणून आइन्स्टाइन यांनी आढेवेढे घेतले, पण पाहुण्यांनी जास्तीचे व्हायोलिन बरोबर आणलेच होते. मोत्झार्टची जी मायनरमधील पाच वाद्यांची रचना ठरली. त्यांच्या बोटांना झेपावे म्हणून चौघांनी लय पुष्कळ संथ ठेवली. तिहत्तर वर्षांचा तो वृद्ध कागदावरील सुरांकडे क्वचितच पाहत होता. हात दुबळे होते, पण सुराचे भान आणि एकाग्रता थक्क करणारी होती, असे चौकडीचे प्रमुख रॉबर्ट मान यांनी नंतर सांगितले.

१८ एप्रिल १९५५ रोजी प्रिन्स्टनच्या रुग्णालयात आइन्स्टाइन यांचे निधन झाले. १९५० साली केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी आपली कागदपत्रे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाला देऊ केली होती. व्हायोलिन त्यांनी नातू बर्नहार्ड याच्या नावे लिहून ठेवले होते.